घरचा सल्ला : यादी खालून वर लिहावी

उन्हाळा सरत आला, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. एरवी वाचक भगिनी मुलांच्या हट्टाविषयी, घरखर्चाविषयी, वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेविषयी लिहितात. परंतु परीक्षांचे निकाल लागले, की सारी पत्रे एकाच प्रश्नाभोवती घोटाळू लागतात. मुलाने आता कोठे शिकावे?

असेच एक पत्र बेळगावहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनीचा थोरला मुलगा शास्त्र शाखेतून द्वितीय पी. यू. सी. परीक्षा ८४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले. तो आनंद पुरते दोन दिवसही टिकला नाही. मुलाने सहा महाविद्यालयांची यादी करून भिंतीवर लावली. सहाही नावे अशी, की जी ऐकताच पाहुण्यांनी भुवया उंचवाव्यात. वडिलांनी यादी वाचली आणि म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. गावातले कॉलेज काय वाईट आहे?" मुलगा म्हणाला, "बाबांचा माझ्यावर विश्वासच नाही." तेव्हापासून जेवणाच्या पानावर बापलेकांचे बोलणे बंद आहे. "दादा, ह्या दोघांत खरे कोणाचे?" असे त्या माउलीने विचारले आहे.

भगिनी, दोघांचेही खरे आहे. पण प्रत्येकाचे अर्धेच. मुलाने यादीचा वरचा अर्धा भाग लिहिला आणि वडिलांनी खालचा. उभयतांनी एका कागदावर बसून लिहिले असते, तर ती यादी पुरी झाली असती.

ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस एका चुकीने मिळाला आहे, तो आधी सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही शिक्षकी पेशात असताना, एक हुशार विद्यार्थिनी सल्ल्यासाठी आली होती. तिला रसायनशास्त्र शिकावयाचे होते. गुण चांगले होते, अत्युत्तम नव्हते. तिने चार नामांकित महाविद्यालयांची नावे दाखविली. आम्ही उत्साहाच्या भरात म्हणालो, "ध्येय नेहमी उंच असावे!" आणि पाचवे नाव सुचविण्याची तसदी घेतली नाही. चारही ठिकाणी तिला नकार आला. तोवर, जूनमध्ये तिला आनंदाने घेतले असते त्या जवळच्या महाविद्यालयातील रसायनाच्या जागा भरून गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये जी जागा उरली, जो विषय उरला, तो तिने घेतला आणि निमूटपणे पदवी पुरी केली. आजही ती भेटली, की आदराने नमस्कार करते. तिने आम्हांस कधी दोष दिला नाही. परंतु त्या नमस्कारापुढे आमची मान खाली जाते.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. जो विद्यार्थी पहिल्या ओळीत असतो, त्याला सल्ल्याची फारशी गरज नसते; महाविद्यालयेच त्याची वाट पाहतात. जो मागे पडला आहे, त्याला आपली मर्यादा ठाऊक असते आणि घरचेही त्याच्याविषयी सावध असतात. खरा धोका मधल्या विद्यार्थ्याला असतो. सर्वसाधारणापेक्षा चांगला, पण अग्रगण्य नव्हे, असा हा विद्यार्थी. आजवर गावात, शाळेत त्याने कौतुकच ऐकलेले असते. आपल्यासारखीच लक्षावधी चांगली मुले त्याच दारापाशी उभी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आपण कोठे उभे आहोत ते नीट पाहावे. येथे शब्दांचा घोटाळा फार होतो. टक्के, पर्सेंटाइल आणि क्रमांक ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. टक्के म्हणजे आपल्याला मिळालेले गुण. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या बरोबरीने वा आपल्या मागे शंभरांतले किती जण आहेत, त्याचे माप. समजा, एका परीक्षेला ३ लाख विद्यार्थी बसले आणि आपल्या मुलाला ९० पर्सेंटाइल मिळाले. तर घरात "नव्वद मिळाले" म्हणून पेढे वाटले जातात, परंतु त्याच्या पुढे सुमारे ३० हजार मुले उभी असतात. आणि जागा ज्याच्या आधारे मिळते, तो असतो क्रमांक. निव्वळ टक्क्यांकडे पाहून स्वप्ने रंगवू नयेत, आणि निव्वळ टक्क्यांकडे पाहून निराशही होऊ नये.

निराश का होऊ नये, तेही सांगतो. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांनी काही विषयांसाठी पहिल्या यादीत शंभर टक्के गुणांची अट घातली होती. २०२२ पासून तेथील पदवी प्रवेश सीयूईटी ह्या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. म्हणजे जे दार ८४ टक्क्यांना पुरते बंद होते, ते त्या मुलाने दुसऱ्या परीक्षेत चांगली कामगिरी केली तर किलकिले होऊ शकते. कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक ठरविताना पी. यू. सी.चे भौतिक, रसायन व गणित ह्या विषयांतील गुण निम्मे आणि केसीईटीचे गुण निम्मे धरले जातात. तेव्हा ह्या भगिनीच्या मुलाने आपले ८४ टक्के बाजूला ठेवून आधी ह्या तीन विषयांचे गुण पाहावेत. भाषेच्या गुणांनी एकूण टक्केवारी वर गेली असेल वा खाली आली असेल, तर त्याचा तेथे उपयोग नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी माणसे. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे वाचून आपली मुले यादी करतात, आणि आपल्याला लागू होणारे नियम वेगळेच असतात, हे विसरतात. कर्नाटकात सरकारी कोट्यातील जागेसाठी सामान्यतः त्या राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झाले असावे लागते. बेळगावात वाढलेल्या मुलाला ही अट सहज पुरी करता येते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, म्हणजे एनआयटीत, निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्यावरून. म्हणजे बेळगावच्या मुलाचे घरचे दार सुरतकल हे आहे, नागपूर नव्हे. आणि पणजीच्या मुलाचे दार गोव्याची एनआयटी हे आहे. मातृभाषा मराठी म्हणून नागपूर जवळचे वाटते खरे, पण तेथे त्याची गणना परराज्यातील उमेदवारांतच होते.

सीमाभागातील पालकांना मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती पुष्कळांना ठाऊकच नसते. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत उमेदवारांचे जे प्रकार केलेले आहेत, त्यांत 'ई' हा प्रकार वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यासाठी सीमाभागातील रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला ठरावीक नमुन्यात लागतो. दाखले गोळा करण्यास वेळ लागतो आणि प्रवेश परीक्षेचा अर्ज तर निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकाल हाती आल्यावर धावपळ करणाराला हे दार बहुधा बंदच दिसते. ह्या घरात पुढचे मूल अकरावीत असेल, तर त्याच्यासाठी आजच ही नोंद करून ठेवावी.

इतर ठिकाणच्या वाचकांनाही हीच सावधगिरी हवी. तेलंगणात पदवी महाविद्यालयांचे बहुतेक प्रवेश २०१६ पासून 'दोस्त' ह्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. गुजरातेत राज्याच्या विद्यापीठांसाठी २०२४ पासून सामायिक नोंदणी सुरू झाली आहे. तेव्हा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याने जुन्या ओळखीच्या माणसाला विचारण्यापेक्षा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्याच्या वेळी उरलेला नसतो.

आपल्या समाजाच्या संस्थांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भारतीय संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्य समाजांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. त्यामुळे मुंबईचे १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेव्हियर्स, म्हापशाचे सेंट झेव्हियर्स, नुव्याचे कार्मेल, हैदराबादचे सेंट फ्रान्सिस ह्यांसारख्या महाविद्यालयांकडे आपल्या कुटुंबांचे डोळे लागतात, हे स्वाभाविक आहे. परंतु "आपलेच कॉलेज, फादरांची चिठ्ठी नेली की झाले," हा समज घातक आहे. राखीव जागा मोजक्या असतात आणि त्यांच्यासाठीही आपल्याच समाजातील मुलांमध्ये गुणांची तुलना होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या बाबतीत २०२२ साली तेथील उच्च न्यायालयाने ख्रिस्ती उमेदवारांसाठी मुलाखत घेण्यास मान्यता दिली, पण त्या मुलाखतीचे वजन १५ टक्के. उरलेले ८५ टक्के सीयूईटीच्या गुणांचेच. बाप्तिस्म्याचा दाखला वेळेवर काढून ठेवावा, हे योग्यच. परंतु त्या दाखल्याने अभ्यासाची जागा भरून निघत नाही. असे महाविद्यालय यादीत अवश्य घालावे, मात्र 'खात्रीचे' म्हणून नव्हे.

आता यादीकडे वळू. आमची विनंती अशी, की यादी खालून वर लिहावी. मुले आधी स्वप्नातले नाव लिहितात, मग त्याच्या खाली दुसरे, तिसरे. आणि खालपर्यंत येता येता उत्साह संपतो. शेवटची ओळ रागाने वा लाजेने लिहिली जाते, नाही तर कोरीच राहते. आपण उलट करावे. कागदाच्या तळाशी आधी असे एक, शक्य तर दोन, महाविद्यालये लिहावीत, की जेथे आपल्याला जागा मिळणार ह्याविषयी फारशी शंका नाही. पण नुसते तेवढे पुरेसे नाही. तेथे आपल्या आवडीचा विषय हवा, शुल्क घराला झेपणारे हवे आणि "येथेच जावे लागले तरी मी मनापासून शिकेन," असे मुलाला म्हणता आले पाहिजे. जेथे जाण्याची कल्पनाही सोसवत नाही, ते महाविद्यालय खात्रीचे नव्हे. ती नुसती भरलेली ओळ होय.

त्याच्या वर तीन-चार नावे अशी लिहावीत, की जेथे गेल्या दोनतीन वर्षांत आपल्या एवढ्याच क्रमांकाच्या मुलांना जागा मिळाल्या आहेत. हा यादीचा कणा. आणि सर्वांत वर एक-दोन नावे आकांक्षेची. ती अवश्य असावीत. मुलाने उंच पाहूच नये, असे म्हणणारा बाप मुलाच्या हिताचे बोलत असला तरी त्याच्या मनाचे बोलत नाही.

कोणते महाविद्यालय कोणत्या गटात बसते, हे ओळखावयाचे कसे? मागील वर्षांचे कटऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचा क्रमांक, बहुतेक प्रवेश मंडळे प्रसिद्ध करतात. ते पाहताना चार गोष्टी पारखाव्यात : आपलाच विषय, आपलाच प्रवर्ग, आपलाच कोटा आणि कोणती फेरी. संगणक शाखेचा क्रमांक पाहून यंत्र शाखेविषयी अनुमान काढू नये. शेवटच्या फेरीचा आकडा पाहून पहिल्या फेरीत जागा मिळेल, अशी आशा धरू नये. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. जेथे गेली तीन वर्षे आपल्या क्रमांकाच्या बरेच मागचे विद्यार्थीही घेतले गेले, तेच खात्रीचे. जेथे आपला क्रमांक अगदी काठावर येतो, ते आकांक्षेच्या गटात टाकावे. मन नेहमी काठावरच्याला खात्रीचे म्हणू पाहते. तेथे लेखणी घट्ट धरावी.

लिहावी खालून, पण ऑनलाइन अर्जात पसंती भरताना मात्र वरून भरावी. येथे पुष्कळ पालक नको तितकी चतुराई करतात. "मोठे नाव पहिले घातले तर छोटेही हातचे जाईल," ह्या भीतीने ते सोपे नाव प्रथम घालतात. सामायिक प्रवेशाची व्यवस्था तशी चालत नाही. ती आपल्या क्रमांकाने आपल्या पसंतीची वरून खाली चाळणी करते आणि जी पहिली जागा देता येते ती देते. वरचे नाव न मिळाल्याने खालच्यावरचा हक्क जात नाही. उलट सोपे नाव वर घातले आणि ते मिळाले, तर त्याच्या खालच्या साऱ्या पसंती तेथेच संपतात; महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात तर पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की तीच अंतिम ठरते. म्हणून अर्जात खरोखरीच्या आवडीचाच क्रम असावा आणि तळाची खात्रीची ओळ कधीही गाळू नये.

जेथे प्रत्येक महाविद्यालयाकडे निराळा अर्ज करावा लागतो, तेथे आधी खात्रीच्या ठिकाणी प्रवेश घेऊन ठेवण्यास काय हरकत आहे, असे कोणी विचारील. शुल्क अडकण्याची भीती रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेचा अल्प खर्च वजा जाता पूर्ण शुल्क परत मिळावयास हवे. त्यानंतर ही रक्कम पायरीपायरीने घटत जाते. मूळ गुणपत्रिका व दाखले संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. तरीही त्या वर्षीचा नियम व संस्थेची पुस्तिका वाचून, पावती जपून ठेवूनच पैसे भरावेत.

आणि वडिलांच्या त्या प्रश्नाचे काय? गावातले कॉलेज काय वाईट आहे? खरोखर, पुष्कळदा काहीच वाईट नसते. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ पासून शिकवीत आहे. इंदूरचे होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ चे आहे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. घरी राहून शिकणाऱ्याचा वसतिगृहाचा खर्च वाचतो आणि तो पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडतो. पदवी हे काही शेवटचे दार नव्हे. विज्ञानाचा पदवीधर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम. एस्‌सी.ला जाऊ शकतो. सीयूईटीची पदव्युत्तर परीक्षाही आहे. ज्या दारातून अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला नाही, त्याच्यापुढचे दार एकविसाव्या वर्षी उघडू शकते. परंतु त्यासाठी मधली तीनचार वर्षे रुसून नव्हे, तर शिकून काढावी लागतात. जवळचे महाविद्यालय निवडण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. त्या विषयाचे कायम अध्यापक किती, प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, शेवटच्या वर्षाची मुले काय म्हणतात, हे विचारावे. नॅकची श्रेणी साऱ्या संस्थेची असते. आपल्या विषयाचा विभाग कसा आहे ते तेथे गेल्यावाचून कळत नाही.

तेव्हा भगिनी, आज संध्याकाळी जेवणानंतर भिंतीवरची ती यादी काढून टेबलावर ठेवा. ती फाडू नका. त्यातली सर्वांत आवडती दोन नावे राहू द्या. मुलाला म्हणा, "ही दोन तुझी." पतीला म्हणा, "तळाची दोन तुम्ही सुचवा. पण ती त्याला आवडली पाहिजेत." आणि मधली चार नावे गेल्या वर्षांचे आकडे समोर घेऊन दोघांनी मिळून शोधावीत. प्रत्येक नावापुढे विषय, मागचा क्रमांक, वर्षाचा एकूण खर्च आणि अर्जाची अखेरची तारीख लिहावी. एका पानात सारे मावते.

त्या मुलाला वाटते, बापाचा आपल्यावर विश्वास नाही. बापाला वाटते, मुलाला घराची जाणीव नाही. तळाची ओळ मुलाने स्वतःच्या हाताने, मनापासून लिहिली, तर ती जाणीव बापाला दिसेल. वरची ओळ बापाने खोडली नाही, तर तो विश्वास मुलाला दिसेल. मग ह्या आठांपैकी कोणतेही दार उघडो. त्यातून आत जाणारा मुलगा हरलेला नसेल.

आमच्या त्या विद्यार्थिनीच्या कागदावर आम्ही पाचवी ओळ लिहिली नाही. आपल्या मुलाच्या कागदावर ती सर्वांत आधी लिहावी, एवढीच आमची विनंती.